मैफलीचं स्वरमंडळ, क्लासचा तानपुरा

गाण्यावर घर चालवणाऱ्याचे दोन व्यवसाय असतात. संध्याकाळी क्लास, आणि सणासुदीला, उत्सवांत मैफली. दोन्हीकडे हाताशी तंतुवाद्य लागतं, पण दोन्हीकडे एकच वाद्य चालत नाही: क्लासला तानपुरा, मैफलीला स्वरमंडळही (मांडीवर घेऊन छेडायचं, एकेका स्वराला वेगळी तार असलेलं सपाट वाद्य). सांगली-मिरजेत हा फरक विशेष जपायला हवा, कारण तानपुऱ्याची जवारी (घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्याच्या, घडणीतून येणारा गुंजणारा नाद) जाणणारे कारागीर इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

प्रवेशिकेच्या (गाण्याच्या सुरुवातीच्या परीक्षेच्या) मुलांपुढे स्वरमंडळ ठेवू नये. मूल गंधार (ग) शोधत असतं तेव्हा स्वरमंडळावर तो आधीच वाजून गेलेला असतो. मग मूल शोधत नाही, नक्कल करतं, आणि वाद्य बंद केलं की गंधार हरवतो. तानपुऱ्यात सहसा प आणि सा एवढेच स्वर लावलेले असतात. तरी जवारी मोकळी असली की खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतून गंधार बारीक ऐकू येतो. तो कानाने पकडायला शिकणं म्हणजे सुराचं शिक्षण. खर्ज कोरडा, ठोकळ्यासारखा वाजू लागला तर आधी घोडीवरचा दोरा पुढेमागे करून पाहावा. तरी खुललं नाही तर घोडीवर तारेने चरे पाडले आहेत असं समजावं आणि वाद्य कारागिराकडे न्यावं. घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नये. घोडीचा उतार एकदा बिघडला की दुरुस्तीचं काम वाढतं. स्वरमंडळ मध्यमा (प्रवेशिकेच्या पुढची परीक्षा) झालेल्या विद्यार्थ्याला द्यावं, तेही आधी लावायला आणि मग गायला.

आता लावण्याविषयी. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत सातही स्वर घेतले तर १५ तारा लागतात. वाद्याला ३० तारा असतील तर प्रत्येक स्वराची जोडी करता येते. आवाज भरतो, पण जोडीतली एक तार केसभर उतरली तरी स्वर थरथरतो. ज्याला मैफलीआधी अर्धा तास निवांत मिळणार नाही त्याने फक्त सा आणि पच्या जोड्या लावाव्यात, बाकीच्या वरच्या तारा अतितार (तारच्याही वरच्या) सप्तकात न्याव्यात.

आधी तानपुरे पक्के लावायचे. मग स्वरमंडळावरचे सगळे सा, सगळे प, आणि त्यानंतर मधले स्वर. एका टोकाकडून ओळीने लावत गेलं तर शेवटच्या तारेपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या तारा उतरलेल्या असतात, कारण नव्या ताणाने लाकूड दबतं. म्हणून दोन फेऱ्या धराव्यातच. नव्या तारांना तिसरी फेरी दुसऱ्या दिवशी.

पेटीवरून स्वरमंडळ लावू नये. पेटीचे बाराही स्वर सारख्या अंतरावर असतात (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार त्यापेक्षा १४ सेंट खाली असतो, शुद्ध निषाद १२ सेंट खाली. पंचम मात्र २ सेंट वर. मोबाईलवरचा ट्यूनरही पेटीसारखाच मोजतो. गंधाराच्या वेळी त्याची सुई मध्यावर आली की समजावं, तार चढली आहे. सा मिळवण्यापुरता ट्यूनर ठीक आहे, पुढचं कानाने.

गायकाची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या पट्टीला सा धरतात ती, बदलणं हे वेगळं प्रकरण आहे. काळी एकचं वाद्य काळी दोनला चढवलं की प्रत्येक तारेचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. आखूड, बारीक तारा तटातट तुटतात आणि खुंट्यांखालच्या लाकडावर भार येतो. क्लासमधल्या मुलीची पट्टी काळी चार आणि शिकवणाऱ्याची काळी एक असेल तर तेच वाद्य वर-खाली करत बसू नये. वेगळ्या जाडीच्या तारांचं दुसरं वाद्य हवं.

कृष्णाकाठच्या पावसाळ्यात पोलादी तारा पटकन गंजतात. गाऊन झालं की बोटांचा घाम कोरड्या सुती कापडाने पुसावा, तारांखालची जागाही. गंजलेली तार सुरात लागते, पण तिचा नाद लवकर विझतो; ती घासत बसण्यापेक्षा बदलावी. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तानपुऱ्याच्या लाकडी खुंट्या सटकतात, तिथे खडूची पूड लावावी. स्वरमंडळाच्या लोखंडी खुंट्यांना खडू लावून उपयोग नाही. त्या सैल झाल्या तर किंचित जाड खुंटी बसवून घ्यावी.

मैफलीत राग कोणत्या क्रमाने गायचे हे ठरवताना स्वरमंडळाचाही विचार करावा. यमननंतर भूप घेतला तर भूपात मध्यम आणि निषाद नसल्याने तीव्र मध्यम अर्धा स्वर चढवून पंचमात आणि निषाद अर्धा स्वर चढवून षड्जात मिळवायचा. १५ तारांच्या रचनेत या फक्त ४ तारा. त्यापुढे दुर्गा घ्यायचा तर गंधाराच्या २ तारा शुद्ध मध्यमावर न्यायच्या. तबला मिळवेपर्यंत एवढं होतं. चढवलेली तार थोड्या वेळाने खाली येते, म्हणून ती बोटाने हलकी दाबून पुन्हा तपासायची. वर्ज्य (रागात न येणाऱ्या) स्वराची तार तशीच ठेवून "आपण ती छेडणार नाही" म्हणणं चुकीचं. नखाचा एकच फराटा सगळ्या तारांवरून जातो, आणि न छेडलेली तारही गळ्यातल्या सुराने गुणगुणते.

छेडायचं ते मुखड्याच्या (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीच्या) आधी, आलापातल्या विसाव्यावर. द्रुत तानांत हात बाजूला ठेवावा. नाही तर तानेचे दाणे पुसले जातात. मैफलीच्या शेवटी गायच्या भैरवीला रे, ग, ध, नी चारही कोमल, मध्यम शुद्ध, म्हणजे सा आणि प सोडून जवळजवळ सगळं वाद्य नव्याने लावायचं, तेही श्रोते उठायच्या बेतात असताना. तेव्हा स्वरमंडळ मांडीवरून खाली ठेवावं आणि तानपुऱ्यांवर गावं.