आमचा झळोबा आणि त्याचे दोन सण

आमच्या ग्रुपचा शनिवारचा फासे टाकून खेळायचा रोलप्ले गेम चालू आहे ना, त्यातल्या राज्यासाठी धर्म बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला ड्राफ्ट अगदीच फुसका, सोन्याचं देऊळ, रथ, सात घोडे. एक मित्र म्हणाला, अगं हा आपलाच सूर्य, नाव बदललंयस फक्त. मग इजिप्तकडे वळले, तिथल्या अखेनातेन राजाचा सूर्यदेव आतेन, त्याच्या किरणांच्या टोकाला चक्क हात कोरलेत, भारीच, पण तीही उचलेगिरीच झाली असती.

सुचलं ते गच्चीवर. मे महिना, आईच्या कुरडया वाळत आणि मी काठी घेऊन कावळे हाकायला. नाशिक २० अक्षांशावर, त्यामुळे २० मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो हे माहीत होतं, पण मी वेडी बारालाच बेसनाचा उभा डबा मांडून बसले. घड्याळातले बारा म्हणजे मिर्झापूरकडचे बारा, भारताची प्रमाणवेळ तिकडच्या रेखांशावरून धरलेली, आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला साडेबारा तरी होतात. सावली सरकत सरकत डब्याच्या बुडाखाली शिरली आणि गायब. आई म्हणाली, डब्याकडे काय बघत बसलीस, कावळा कुरडई घेऊन गेला तिकडे!

तर आमचा देव झळोबा. मूर्ती नाही, अंगणात रोवलेली काठी हाच देव, तिची सावली म्हणजे देव तुमच्यापासून किती लांब त्याचं माप. वर्षातून दोनदा माप शून्य होतं. त्या घटकेला कोणीच कोणाच्या सावलीत नसतो, राजाच्यासुद्धा नाही, म्हणून तेवढा वेळ नोकराने मालकाला तोंडावर काय ते सुनावून घ्यायचं, शिक्षा नाही. नैवेद्य वाळवणाचा, आणि कावळ्याने नेलेली कुरडई देवाला पोचली असं धरायचं (हे आईला अजून सांगितलं नाहीये).

खरी गंमत दुसऱ्या सणाची. तो जुलैच्या २३-२४ ला, म्हणजे आभाळ गच्च आणि गावभर चर्चा एकच, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला (आमचं पुराचं माप तेच) पाणी कुठपर्यंत आलं. सावलीच नाही तर देव आला हे कळणार कसं? एक पंथ म्हणतो सावली नाही म्हणजे देव पावसाळाभर इथेच आहे, दुसरा म्हणतो छे, रुसून गेलाय. शनिवारी खेळ राहिला बाजूला, दोन तास यावरच भांडण, शेवटी पुजारी झालेल्या मित्राने घरात छत्री उघडली, मोबाईल बघितला आणि म्हणाला, बारा एक्केचाळीस झाले, आरती घ्या.