सातविणीविरुद्ध दाखला

सांगलीतल्या विश्रामबागच्या एक काकू दिवाळीआधी मुलाला घेऊन ओपीडीत आल्या. औषध नको होतं, दाखला हवा होता: घरासमोरच्या सातविणीच्या (सप्तपर्णीच्या) झाडामुळे काकूंना दमा होतो, असा. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्या परवानगीच्या अर्जाला हा दाखला जोडायचा होता. न तपासता असे दाखले देणारे आमच्यातच आहेत, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो.

सर्दीच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवायला लावून मी प्रिक टेस्टला, म्हणजे ॲलर्जीच्या त्वचाचाचणीला बोलावलं; त्या गोळ्यांनी हिस्टामिनचा परिणाम दबतो. ही टेस्ट मी स्वतःच करते. हातावर वेगवेगळ्या अर्कांच्या थेंबांची रांग, त्यात तुलनेसाठी एक हिस्टामिनचा, ज्याने गांध उठायलाच हवी, आणि एक नुसत्या सलाइनचा. थेंबातून लॅन्सेट, म्हणजे बारीक सुई टेकवायची, पण रक्त येता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी गांध, म्हणजे उठलेला फुगवटा, मोजायची. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटरने मोठी असेल तरच धरायची. हिस्टामिनची उठलीच नाही, तर पेशंटने गुपचूप गोळी घेतली असं समजायचं.

काकूंना घरातल्या धुळीतल्या माइटची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची, मोठी गांध उठली. वावळ या झाडाच्या परागकणांचीही. वावळाचे परागकण वाऱ्यावर पसरतात, पण त्याचं फूल नजरेत भरत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध अर्ज घेऊन कुणी येत नाही. सातविणीचं परागण कीटक करतात; तिचा अर्क माझ्या किटमध्ये नाही. तिच्या उग्र वासाने मात्र आधीच सुजलेली श्वासनलिका आवळू शकते, ॲलर्जी नसतानाही.

मग पीक फ्लो मीटर दिलं, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो ते मोजायचं साधन. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. दम्यात एरवी सकाळचा आकडा पडतो. काकूंचा संध्याकाळी पडत होता, वास दाटतो त्याच वेळी: सकाळी ३००, संध्याकाळी २४०. भाऊबीजेला तासगावला भावाकडे राहिल्या, तिथे दोन्ही वेळा ३००च्या वर. मुलगा म्हणाला, "बघा मॅडम, झाडच!" पण तासगावला जाताना झाडाबरोबर घरातल्या जुन्या कापसाच्या गाद्याही मागे राहिल्या होत्या. कशामुळे फरक पडला, हे मला अजून सांगता येत नाही.

पत्रात मी लिहिलं: फुलांच्या दिवसांत वासाने त्रास वाढत असावा, झाड तोडल्याने दमा जाईल असं म्हणता येत नाही. मुलगा नाराज झाला. रोजचा स्टेरॉइड इन्हेलर काकूंनी पूर्वी ‘सवय लागते’ या भीतीने सोडला होता. लोक इन्हेलरला घाबरतात आणि कुऱ्हाडीला घाबरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. समोर बसवून तो पुन्हा घ्यायला शिकवला. एका रस्त्यावर एकाच जातीची झाडं ओळीने लावणाऱ्यांनाही कुणीतरी जाब विचारायला हवा.

वावळ फुलायच्या आधी, जानेवारीतच, काकूंना मीटरच्या वहीसकट परत बोलावलंय.