कागदावरचं नाव

नाव पुकारलं, कोणी उठलं नाही. बाकावर तिघंच होते. एक आजीबाई, झोपलेलं पोरगं मांडीवर घेतलेली एक आई आणि कंपनीचा टी-शर्ट घातलेला हा, उजवा हात डाव्या हातात धरून मोबाइलकडे बघत बसलेला. दुसऱ्यांदा मोठ्याने पुकारलं तेव्हा दचकून "हां, मीच" म्हणाला. रात्री दोनला दुखणं घेऊन आलेला माणूस असा बावचळतोच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एकोणीस वर्षं मी पुण्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या प्लॅस्टर रूममध्ये आहे. पूर्वी मनगट मोडलेलं म्हणजे मोरीत घसरलेली बाई, हे ठरलेलं. आता पाऊस लागला की ही डिलिव्हरीची पोरं येतात. हा खडीवर घसरला होता. गाडी भाड्याची, इलेक्ट्रिक. तिचा फुटलेला आरसाही याच्याच पैशातून कापणार होते.

ताज्या सुजेवर पूर्ण प्लॅस्टर घालत नाहीत, अर्धा स्लॅब घालतात. आत कापूस, वर पीओपीच्या दहा-बारा घड्या. पाणी साधंच घ्यायचं, गरम घेतलं तर ते पटकन धरतं आणि कातडी भाजते. बुडबुडे थांबले की बाहेर काढायचं, हलकं दाबायचं, पिळायचं नाही. खरी कसोटी शेवटच्या दोन मिनिटांत. डॉक्टरांनी ओढून बसवलेलं हाड तळहाताने धरून ठेवायचं, बोटांनी नाही, कारण बोटाचा खळगा राहिला की आत जखम होते. आणि प्लॅस्टर तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडे थांबलं पाहिजे, म्हणजे बोटं मुळापासून वाकतात. शिकाऊ डॉक्टर नेमके इथेच गडबड करतात आणि बोलणी मी खातो. हा स्लॅब मात्र माझा होता, आणि छान बसला होता.

"काका, अंगठ्यापाशी जरा मोकळं ठेवा ना. रेस द्यायला लागते."

"सहा आठवडे रेस विसर."

तो हसला. पीओपी धरेपर्यंत हात हलवता येत नाही. तेवढ्या वेळात माणसं बोलतात. कागदावरचं नाव त्याचं नव्हतंच, मावसभावाचं होतं. पार्सल मिळालंच नाही अशी तक्रार एका गिऱ्हाइकाने केली आणि याची आयडी ब्लॉक झाली. तेव्हापासून भावाच्या आयडीवर चालवत होता. अ‍ॅपने मध्येच सेल्फी मागितला की भाऊ ज्या हॉटेलात कामाला, तिथे पळायचं आणि त्याचं तोंड दाखवून यायचं. विमा आयडीवाल्याचा, म्हणून केसपेपर भावाच्या नावाने. अपघात म्हणून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, झाली होती, तेव्हा पोलिसांकडेही तेच नाव गेलं.

मी सांगायला हवं होतं. सीएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, शेजारच्याच खोलीत चहा पीत होते. नाही सांगितलं. गरिबाला चार पैसे मिळत असतील तर आपण कशाला मध्ये पडा, असं वाटलं.

आठव्या दिवशी एक्स-रेला बोलावलं होतं. आला सोळाव्या दिवशी. स्लॅब बघून माझं डोकंच फिरलं. अंगठ्याच्या बाजूने भाजीच्या सुरीने कापलेला, तळहाताकडचा भाग काढून टाकलेला, वर इन्शुलेशन टेप. पांढरं पीओपी ग्रीसने काळं पडलेलं. माणसाने हे स्वतःच्या डाव्या हाताने कापलं होतं. हाड सरकलेलं. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन. महात्मा फुले योजनेत फुकट होईल, आधार आणि रेशनकार्ड आणा.

आधार कोणाचं आणणार? ऑपरेशन याच्या हातावर, कागद त्याच्या नावाचे.

आमच्या इथले एक युनियनवाले सांगत होते, गिग कामगार, म्हणजे अशी अ‍ॅपवर काम करणारी माणसं, आता कायद्यात आलेत. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीत भरायची आहे. चांगलंच आहे. पण नोंदणी आधारवर. रस्त्यावर हा, नोंदीत भाऊ. मी हे त्यांना विचारलं तर म्हणाले, दुसऱ्याची आयडी वापरणं चूकच ना. चूकच. पण दहा मिनिटांत कोथिंबीर मागवणाऱ्यांनी दार उघडताना कधी फोटोशी तोंड ताडून पाहिलं होतं?

"भावाला घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. मी नवा स्लॅब घालून दिला होता, या वेळी अंगठ्यापाशी जरा जास्तच मोकळा. चुकीचं होतं ते. पण निदान सुरी तरी लावणार नाही.

आला नाही. दोन आठवड्यांनी केसपेपरवरचा नंबर लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"हॉस्पिटलमधून बोलतोय. हात कसाय?"

"कोणाचा हात?"

मी काहीच बोललो नाही. मग तिकडून घाईघाईने, "हां हां, माझा ना? बराय साहेब, एकदम बराय."

आणि फोन ठेवला.