अंगावरचं दूध कधी सोडवायचं?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या अन्नाच्या जोडीने 2 वर्षं किंवा त्यापुढेही. लोक ऐकताना हे 'त्यापुढेही' सोयीने गाळतात. दुसरा वाढदिवस ही काही शेवटची तारीख नव्हे. वर्षानंतर दुधात नुसतं पाणी उरतं, हेही खोटं. स्निग्धांश, प्रथिनं, रोगांशी लढणारी प्रतिपिंडं तेव्हाही असतातच.

म्हणून वयापेक्षा मुलाचं ताट बघा. वर्षापुढे वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 550 किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. मूल दिवसभर अंगाला लागलेलं आणि जेवणाला मात्र तोंड वळवतं, असं असेल तर लोह कमी पडतं, कारण आईच्या दुधात ते थोडंच असतं. लगेच दूध तोडू नका. आधी जेवण, मग दूध, एवढा क्रम पाळला तरी बऱ्याचदा भागतं. आणि आईलाच आता पुरे वाटत असेल, तर तेही कारण पुरेसं आहे. घरच्यांनी वाद घालू नये.

सोडवताना एकेक वेळ कमी करायची. आधी दुपारची, जेव्हा मूल भुकेपेक्षा सवयीने पितं. झोपतानाची अगदी शेवटी, आणि ती तोडताना काही रात्री बाबांनी निजवलं तर सोपं जातं. एक वेळ बंद केली की 4-5 दिवस थांबून मग पुढची. छाती भरलेली राहिली की दूध बनणं मंदावतं. फार दाटलं तर ठणका कमी होण्यापुरतंच हाताने काढा. पूर्ण रिकामं केलं की शरीर तेवढंच पुन्हा बनवतं. एकदम बंद केल्यास गाठी होतात. लाल, गरम, दुखरा भाग आणि ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा, पण त्या बाजूने पाजणं अचानक थांबवू नका.

वर्षाच्या आतलं मूल एकाएकी प्यायचं थांबलं, तर त्याने दूध 'सोडलं' असं समजू नका. नाक चोंदलंय का, कान दुखतोय का, तोंड आलंय का ते बघा. तोवर दूध काढून वाटीने पाजा.

वर्षाच्या आत सोडवलं तर फॉर्म्युला, म्हणजे तान्ह्या बाळांसाठीचं पावडरचं दूध, लागतो. वर्षानंतर गाईचं दूध चालतं, पण कपाने आणि दिवसाला 500 मिलीच्या आत, नाहीतर जेवण पुन्हा मागे पडतं.

सगळं बंद झाल्यावरही काही आठवडे थेंबभर दूध येऊ शकतं. दाबून बघत बसलात तर येतच राहील.