माझंच केवायसी राहिलं होतं

दर नोव्हेंबरात आमच्या बँकेच्या शाखेत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनवाल्यांची रांग लागायची. त्यात एक आजोबा न चुकता म्हणायचे, "अहो मॅडम, मी तुमच्यासमोर उभा आहे. अजून कसला दाखला पाहिजे?" आणि मी तितक्याच शांतपणे फॉर्म पुढे सरकवायचे. हट्टी म्हातारा, असं मनात म्हणायचेही.

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत उतरले तेव्हा ते आजोबा आठवले. ग्लोबल एंट्रीच्या, म्हणजे आधीच चौकशी झालेल्यांना इमिग्रेशनची रांग टाळता येते त्या सोयीच्या, मशीनसमोर उभी होते. कॅमेऱ्यात बघितलं, चष्मा काढून परत बघितलं. मशीनने काही ओळख दाखवली नाही. अधिकाऱ्याकडे जा, एवढंच पडद्यावर आलं. दोन वर्षांपूर्वी ह्याच देशाने माझे दहा बोटांचे ठसे घेतले होते, मुलाखत घेतली होती, बाई विश्वासू आहे असं ठरवलं होतं. आणि आता? समोर उभी आहे की मी!

अधिकारी सभ्य होता. पासपोर्ट चाळला, स्क्रीन बघितली आणि विचारलं, "हा पासपोर्ट नवा आहे का?" हो म्हटल्यावर म्हणाला की आमच्याकडे तुमचा जुनाच नंबर आहे, वेबसाइटवर जाऊन बदलून घ्या, आणि आज साध्या रांगेत जा.

साध्या रांगेत आमचे हे आधीच उभे होते. ह्यांनी ग्लोबल एंट्रीसाठी अर्जच केला नव्हता. "मला कुठे घाई आहे" हे त्यांचं कायमचं म्हणणं. मी ऐटीत "बॅगा काढून ठेवते" म्हणून पुढे गेले होते. परत आले ती रांगेच्या शेपटाला. हे माझ्या आधी बाहेर पडले आणि बॅगा काढून, ट्रॉलीवर रचून, वर पाण्याची बाटली घेऊन बसले होते. बोलले काही नाहीत. तेच जास्त लागलं.

आता हे प्रकरण काय आहे ते सांगते, कारण आमच्या कट्ट्यावर निम्म्या लोकांना ते व्हिसाचंच काहीतरी वाटतं. तसं नाही. व्हिसा वेगळा लागतोच. ग्लोबल एंट्री म्हणजे तुमची चौकशी आधीच करून ठेवायची आणि मग दर वेळी इमिग्रेशनची लांबलचक रांग टाळायची. भारतीय नागरिकांना हे २०१७ पासून खुलं झालं. मी २०२२ मध्ये अर्ज केला तेव्हा फी शंभर डॉलर होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकशेवीस झाली. अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत. मेंबरशिप पाच वर्षांची.

आपल्याकडच्यांना त्यात एक जास्तीची पायरी आहे. पासपोर्ट सेवाच्या साइटवर ग्लोबल एंट्रीसाठी पार्श्वभूमी तपासणीचा वेगळा अर्ज असतो. त्यापायी ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी हवालदार आले होते. चहा नको म्हणाले, पाणी घेतलं. कागद बघून म्हणाले, "ताई, एंट्री म्हणजे तिकडेच राहणार का आता?" मी म्हटलं, नाही हो, नातीला बघून परत येणार. शेजारच्या काकूंनी तेवढ्यात दार किलकिलं करून ठेवलं होतंच. पुढे २०२३ मध्ये लेकीकडे गेले तेव्हा तिकडच्या विमानतळावरच्या केंद्रात मुलाखत झाली. पाच मिनिटांची.

हातात काय मिळालं? काहीच नाही. अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना कार्ड मिळतं, आपल्याला फक्त नऊ आकडी नंबर. माझ्या विसरण्याचं खरं कारण हेच असावं. कार्ड असतं तर पाकिटात डोळ्यांसमोर राहिलं असतं.

माझा पासपोर्ट २०२४ च्या ऑगस्टमध्ये संपला. आपल्याकडे पासपोर्ट रिन्यू करतात असं आपण म्हणतो, पण सरकारी भाषेत तो री-इश्यू असतो. पुस्तिका नवी, नंबर नवा. जुन्याचा कोपरा कापून तो परत देतात. त्यातला अमेरिकेचा व्हिसा मात्र तारीख असेपर्यंत चालतो, म्हणून मी दोन्ही पुस्तिका रबरबँड लावून एकत्र ठेवते. नवा नंबर हातात आला त्या आठवड्यात मी काय काय केलं म्हणाल? बँकेत दिला. डिमॅटला दिला. प्रवास विम्याच्या फाइलमध्ये टाकला. विमान कंपनीच्या मैलांच्या खात्यातसुद्धा घातला, जिथे मैल साडेतीन हजार आहेत आणि त्यात उडून मी डोंबिवलीलासुद्धा पोचणार नाही. ग्लोबल एंट्री डोक्यातच आली नाही. एकदा विश्वासू ठरवलं की ठरवलं, असं मी धरून चालले. तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईने!

विमानतळावरून आलो त्या रात्री लेकीच्या डायनिंग टेबलवर बसून ग्लोबल एंट्रीच्या वेबसाइटवरचं माझं खातं उघडायला घेतलं. लेक म्हणाली, "आई, दोन मिनिटांचं काम आहे." दोन तास गेले.

पहिली अडचण ईमेलची. अर्ज केला तेव्हा मी नोकरीत होते, म्हणून बँकेचा ईमेल दिलेला. ३१ मार्च २०२३ ला रिटायर झाले, त्याच आठवड्यात तो ईमेल बंद. ह्या वेबसाइटवर थेट शिरता येत नाही, लॉगिन डॉट गव्ह नावाच्या अमेरिकन सरकारच्या दारातून जावं लागतं, आणि तिथला पासवर्ड लेकीने "कुठेतरी लिहून ठेवला होता". कुठेतरी म्हणजे कुठे, हे तिला आठवेना. पासवर्ड बदलायचा तर दुवा येणार बंद पडलेल्या ईमेलवर. समजा पासवर्ड आठवला असता, तरी ओटीपी माझ्या भारतातल्या सिमवर जाणार, आणि रोमिंग महाग पडतं म्हणून मी ते घेतलेलं नव्हतं. सिम होतं पर्समध्ये, छोट्या डबीत, देवीच्या अंगाऱ्याशेजारी.

जावयांनी मार्ग काढला. माझ्या स्वतःच्या जीमेलवर नवं लॉगिन काढलं, ओटीपीऐवजी फोनमध्ये कोड दाखवणारं ॲप टाकलं (ह्याला सिम लागत नाही, वायफायही लागत नाही, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं) आणि तो नऊ आकडी नंबर देऊन जुनी मेंबरशिप नव्या लॉगिनला जोडली. नंबर कुठे सापडला, तर माझ्या वहीत. निळ्या कव्हरची वही, पान सतरा. लेक हसते त्या वहीला, पण त्या रात्री तीच कामी आली.

आत शिरल्यावर मात्र काम खरंच सोपं. कागदपत्रं बदलायची सोय समोरच आहे. पासपोर्टचा नवा नंबर, दिल्याची तारीख, संपायची तारीख. फी नाही. पत्ता आणि फोनही तसाच बदलता येतो. विमानात बसायच्या आधी ठाण्यात चहा पिता पिता हे उरकता आलं असतं, हे लिहिताना अजूनही जीव जळतो.

नावाचं मात्र तसं नाही. नाव बदललं असेल तर ऑनलाइन काही होत नाही, केंद्रात स्वतः जावं लागतं आणि ती केंद्रं तिकडे आहेत, ठाण्यात नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या सुनेचं तेच झालंय. लग्नाआधी ग्लोबल एंट्री काढली, लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललं. पुढच्या वेळी तिकडे उतरेल तेव्हाच तिचं काम होणार. आणि आपल्या नावांची आणखी एक गंमत. पासपोर्टवर माझं नाव आणि ह्यांचं नाव एकाच रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. अमेरिकन अर्जात मधल्या नावाचा वेगळा रकाना. तिकीट काढताना लेक ह्यांचं नाव गाळून टाकते, "कोण लिहीत बसणार एवढं" म्हणून. तिकिटात तो नऊ आकडी नंबर घालायचा असेल तर तिकिटावरचं आणि त्यांच्या नोंदीतलं नाव जुळायला हवं. आता मी तिला पासपोर्टचा फोटो पाठवते आणि बजावते, अक्षर न् अक्षर उतरव.

ह्या सगळ्यातला विनोद पुढेच आहे. त्याच प्रवासात, त्याच दिवशी, मुंबईहून निघताना मी रुबाबात बाहेर पडले होते. आपल्याकडेही आता फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचा ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम आहे. २२ जून २०२४ ला दिल्लीत सुरू झाला, १६ जानेवारी २०२५ ला मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आला. आम्हा दोघांनी लगेच नोंदणी केली, कारण ती फुकट होती आणि फुकट म्हटल्यावर ह्यांनाही घाई झाली. ऑनलाइन अर्ज, मग बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. पहिल्या गेटला पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवायचा, दुसऱ्या गेटला चेहरा. कापूरबावडीच्या सिग्नलला आम्ही जितका वेळ उभे होतो त्याच्या चौथाई वेळेत इमिग्रेशन झालं.

तिथे अडले नाही, कारण नोंदणीच नव्या पासपोर्टवर केली होती. पण तिथली अटही वाचून ठेवा: मेंबरशिप पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. 'जे आधी येईल ते' हे शब्द मी इतक्या वेळा लोकांना वाचून दाखवलेत की ते मला झोपेतही दिसतात. ह्यांचा पासपोर्ट २०२७ मध्ये संपतो, म्हणजे ह्यांची पाच वर्षं कागदावरच. हे म्हणाले, "बघू तेव्हा." मी वहीत लिहून ठेवलंय. पान एकवीस.

जाता जाता खाण्याचं, कारण आपण मराठी माणसं तिथेच मार खातो. ग्लोबल एंट्रीवाल्याने सामानातलं खाणं लपवलं आणि सापडलं, तर दंड तर होतोच, मेंबरशिपही जाऊ शकते. मी सगळं बोलून मोकळी होते. मेतकूट, चकली, गोडा मसाला, सगळं. त्या अधिकाऱ्याने 'गोडा' म्हणजे काय विचारलं तेव्हा मी 'स्वीट' म्हटलं आणि ते इतकं चुकीचं उत्तर होतं की मलाच लाज वाटली. आंबे नेत नाही. लेकीला सांगितलंय, आंबा खायचा तर मे महिन्यात ठाण्याला ये.

राहिला पत्ता. हे मला जास्त छळतंय. नौपाड्यातली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. २०२४ च्या जानेवारीत घर रिकामं करून आम्ही कोलशेत रोडला भाड्याने आलो. बिल्डर तीन वर्षं म्हणाला होता. आमच्या सोसायटीत जो बिल्डरच्या तारखेवर विश्वास ठेवतो त्याला अजून मतदानाचं वय झालेलं नाही असं समजतात. पासपोर्ट काढायचा तेव्हा प्रश्न आला, पत्ता कुठला द्यायचा? आधारवर नौपाडा. तिथे निळे पत्रे लावलेला खड्डा, पावसाळ्यात त्यात बेडूक. पोलीस व्हेरिफिकेशनला तिथे कोण आणि कोणाला भेटणार? शेवटी रजिस्टर्ड भाडेकरार लावून कोलशेतचा पत्ता घातला. आता पासपोर्टच्या शेवटच्या पानावर कोलशेत, आधारवर अजून नौपाडा, गॅसवर नौपाडा, आणि ग्लोबल एंट्रीत त्या रात्री मी कोलशेत केलं. पुढे रिन्यूअलला पाच वर्षांतले सगळे पत्ते तारखांसकट मागतात. त्यासाठी घर सोडल्याची तारीख, भाडेकराराच्या तारखा, सगळं वहीत आहे. रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या वर्षभर आधी करता येतो. तोपर्यंत आम्ही नव्या घरी गेलेलो असू, अशी आशा आहे. म्हणजे परत पासपोर्ट, परत आधार, परत सगळं.

परवा राममारुती रोडवर आमच्या सेक्रेटरींची गाठ पडली. म्हटलं, ताबा राहू दे, निदान नवा फ्लॅट नंबर तरी कळवा, मला दहा ठिकाणी भरायचाय. ते म्हणाले, "वहिनी, अजून मजले किती हेच ठरायचंय."