एवढ्या हळू कुठं निघालात, बाई?

“बाई, सायकल एवढ्या हळू चालवून काय मिळतं ओ तुम्हाला?”

गेल्या महिन्यात शिरोळच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर एका तरुणाने मला असं विचारलं. सांगलीहून तो आमच्यामागून अर्ध्या तासाने निघाला होता आणि आमच्या आधी येऊन पाणी पीत बसला होता. विचारण्यात टिंगल नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. हाच प्रश्न मला शेजारणी विचारतात, रस्त्यात भेटलेले जुने विद्यार्थी विचारतात, माझा सख्खा भाऊही विचारतो. घाम निघत नाही तो व्यायाम कसला? एवढाच वेळ लावायचा तर चालत का नाही जात? पाच वर्षं मी हसून “बरं वाटतं” एवढंच सांगत आले. आज नीट सांगते.

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 2018 साली निवृत्त झाले. सायकल आली ती पुढच्या वर्षीच्या पुरामुळे. आमच्याकडे सांगलीत पावसाळ्यात सगळं गाव कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे फूट मोजत असतं. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर ते छातीएवढं होतं आणि माझी स्कूटर चार दिवस त्यात बुडालेली. पूर ओसरल्यावर प्रत्येक गॅरेजबाहेर गाड्यांची रांग. भाच्याची एक जुनी सायकल माडीवर होती म्हणून वाचली होती, ती मी उतरवून घेतली.

सायकल मला नवी नव्हती. विलिंग्डन कॉलेजात असताना गावभागातून विश्रामबागेपर्यंत रोज सायकलनेच जायची. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी बसवलेली लेडीज सायकल होती माझी. लग्न ठरलं तेव्हा ती धाकट्या भावाकडे गेली. कुणी मागून घेतली नाही, मीही विचारलं नाही. मध्ये सदतीस वर्षं गेली.

त्या ऑगस्टमध्ये, भिंतींवर चिखलाच्या रेघा अजून ओल्या असताना, मी साध्या सायकलवरून भाजीला, बँकेत जाऊ लागले आणि एक गोष्ट पायांना कळली. सांगली सपाट आहे असं आपण म्हणतो, मीही वर्गात तसंच सांगितलं. पण मारुती चौकाकडे जाताना पेडल आपोआप हलकं होतं आणि परत येताना मांड्या बोलू लागतात. पाणी आधी कुठे शिरतं, कुठे शेवटी पोचतं, हे मला फळ्यावर नकाशा काढून कधी इतकं समजलं नव्हतं. स्कूटरवर हा उतार जाणवत नाही. जोरात सायकल मारणाऱ्यालाही जाणवत नसावा, तो आपल्याच जोराने तो पुसून टाकतो.

आता चूक सांगते. पहिल्या वर्षी मीही वेगाच्या मागे लागले होते. गिअरची सायकल घेतली, मोबाइलमध्ये वेग मोजणारं अॅप घेतलं आणि चाळिशीतल्या मंडळींबरोबर मिरजेच्या पुढे जायला लागले. घरी आले की आधी आकडा बघायचा. ताशी 18 किलोमीटर आला की दिवस चांगला, 15 आला की मन खट्टू. दोन महिन्यांत उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी सायकल आणून दाखवायला सांगितली, हे मला फार आवडलं. सीट खाली होती. पाय जमिनीला टेकावेत म्हणून आमच्या वयाचे बहुतेक सगळे सीट खाली ठेवतात आणि मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडून जोर लावावा लागतो. पेडल खाली गेलं की गुडघा जेमतेम वाकलेला राहावा इतकी सीट वर हवी. थांबताना सीटवरून पुढे सरकून खाली यायचं आणि पाय टेकायचा. यासाठी मधली दांडी खाली असलेली सायकल बरी, पुरुषांनाही. तिला बायकांची म्हणून नाकारू नये. दुसरं, मी जड गिअरवर हळूहळू पाय दाबत होते. हलक्या गिअरवर मिनिटाला सत्तरेक फेरे मारायचे, म्हणजे गुडघ्यावरचा भार उतरतो.

गुडघा बरा होईपर्यंत ती मंडळी पुढे निघून गेली होती. तेव्हा मामा भेटले.

मामा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आज त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली आहे. त्यांच्याबरोबर तेव्हा चौघं होती, आता आम्ही नऊ जण आहोत, त्यात तीन बायका. मामांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला, “जो सगळ्यात हळू, तो पुढं. त्याला कुणी मागं टाकायचं न्हाई.” बाकी कुठल्याही गटात हळू माणूस मागे पडतो, त्याच्यासाठी बाकीचे वाट बघत थांबतात आणि तो पोचला की लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. आमच्याकडे मामा पुढे असतात आणि वेग ताशी बारा-तेरा किलोमीटर. मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही बत्तीस वर्षं गाडी पळवलीत, आता हे कंटाळवाणं होत नाही का? म्हणाले, “बाई, पळवायला काय लागतंय? थांबवता आली पायजे.”

घामाबद्दल विचारता, तर तेही सांगते. चालवता चालवता सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, ही आमची मोजपट्टी. पासष्टीला हृदयाचे कमाल ठोके ढोबळमानाने मिनिटाला 155 धरतात, 220 मधून वय वजा करून. तिशीच्या माणसाचे 190. त्यामुळे त्याला जे सहज वाटतं ते आमच्यासाठी दमछाक असते आणि आमच्या बारा किलोमीटरमध्येही हृदयाला पुरेसं काम होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना चढ संपवून एकदम थांबल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून टपरी दिसली तरी शेवटची पाच मिनिटं पाय हलकेच फिरवत राहायचे. आमच्यातल्या दोघांना मधुमेह आहे, वाटेत साखर एकदम उतरली तर म्हणून प्रत्येकाच्या खिशात चिक्की असतेच. आणि चालण्याबद्दल म्हणाल तर तेही करा. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, हाडांना तो लागत नाही, त्यामुळे हाडांसाठी चालणं सोडून भागत नाही. मी आठवड्यातून तीन दिवस चालते.

लोक मला रॉबेर मार्शाँ यांची बातमी पाठवत असतात. फ्रान्सचे हे गृहस्थ 1911 साली जन्मले आणि 2017 च्या जानेवारीत, वयाच्या 105 व्या वर्षी, बंदिस्त ट्रॅकवर एका तासात 22.547 किलोमीटर सायकल चालवून गेले. 2021 मध्ये, 109 व्या वर्षी वारले. “बघा, मनात आणलं तर काय होतं!” असं त्याखाली लिहिलेलं असतं. मला त्यांचा दुसरा आकडा जास्त भावतो. 2014 मध्ये, 102 व्या वर्षी, त्यांनी त्याच एका तासात 26.927 किलोमीटर केले होते. तीन वर्षांत चार किलोमीटरहून अधिक कमी झाले आणि तरीही ते पुन्हा ट्रॅकवर आले. कमी झालेला आकडा घेऊन लोकांसमोर उभं राहायला मला तर पहिल्या वर्षी जमलं नव्हतं.

पण काय मिळतं, हे अजून राहिलंच.

हरिपूर आमच्यापासून तीन-चार किलोमीटर. तिथे वारणा कृष्णेला मिळते. शाळेत मी दर वर्षी सांगायची: सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ, हळद जमिनीखालच्या पेवांत साठवतात. परीक्षेत एक मार्काला हमखास यायचं. एकदा हरिपुरात मामांची चेन उतरली म्हणून आम्ही थांबलो. समोरच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते. चेन चढवायला दोन मिनिटं लागली आणि आजोबांचं बोलणं संपायला तास. त्यांचे वडील पेवात उतरायचे. वरून तोंड एवढंसं, माणूस जेमतेम आत जाईल इतकं, आणि खाली खोलीएवढी पोकळी. इथली माती अशी की आत ओल येत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा वाईट असते. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली. “बुजवलं आमचं पण,” म्हणाले आणि अंगणातल्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे तुळस लावलेली होती.

चौतीस वर्षं मी जे वाक्य शिकवलं त्यातलं एकही पेव मी पाहिलं नव्हतं. घरापासून चार किलोमीटरवर होती. स्कूटरवरून त्या रस्त्याने शेकडो वेळा गेले असेन.

तेव्हापासून मी वही ठेवते. अंकलीचा पूल ओलांडून शिरोळवरून नरसोबाच्या वाडीला जायचं, वीस-बावीस किलोमीटर, की वाटेत काही ना काही त्या वहीत येतंच. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि दोन्ही नद्यांना एकदम पूर आला की पाणी कसं तुंबतं, हे घाटावर बसून तिथल्या नावाड्याने मला समजावलं, माझ्या पाठ्यपुस्तकाहून चांगलं. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात, शंकराचं असूनही, नंदी नाही, हे मी ऐकून होते. 48 खांबांच्या स्वर्गमंडपात मधोमध उभं राहून वरच्या गोल उघड्या आभाळाकडे पाहिलं तेव्हा आमच्यातलं कुणीच बराच वेळ काही बोललं नाही. परतीची घाई असती तर फोटो काढून निघालो असतो.

हा रस्ता नेहमीच गोड असतो असं नाही. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, बाहेर आलेल्या उसाच्या टोकांचा फटका बसू शकतो आणि ड्रायव्हरने गाणी एवढी मोठ्याने लावलेली असतात की आपली घंटी त्याला ऐकूच जात नाही. आम्ही उतरून साइडपट्टीच्या खाली उभे राहतो, ट्रॅक्टर जाऊ देतो. पावसानंतर शेतातून आलेल्या काळ्या मातीचा थर डांबरावर साबणासारखा असतो, तिथेही उतरायचं. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर ठरलेलं. हळू असलो की हे सगळं वेळेत दिसतं. आमच्या वयात पडल्यावर मोडलेलं हाड जुळायला महिने जातात आणि नंतर मनातली भीती जायला त्याहून जास्त.

त्या दिवशी शिरोळजवळ त्या मुलाला मला हे सगळं सांगायचं होतं. “बस की, चहा घे,” म्हटलंही मी. तोही बसला. पेवांपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात मामांनी कप ठेवला आणि घंटी वाजवली. मुलगा म्हणाला, “जाऊ द्या की त्यांना पुढं, तुम्ही गाठालच.”

मी ओढणीला कमरेशी गाठ मारली आणि उठले. गाठायचा प्रश्न नव्हता. मामा रस्त्यावर आले होते, बाकीचे सात जण एक-एक करून त्यांच्या मागे लागत होते आणि शेवटची जागा माझी होती.