"तगो!"

आज संध्याकाळी लेकाला घेऊन बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातल्या झाडांखाली गेले होते. सव्वादोन वर्षांचा आहे. शेजारी एक कन्नड बोलणारी चिमुरडी मातीत खेळत होती. तिनं याच्या लाल बादलीला हात लावला आणि यानं तिला ढकललंच. ती रडायला लागली. माझा हात उगारला गेला होता, खरं सांगते. पण खाली बसले, त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "ढकलायचं नाही. तिला लागलं, बघ." बास, एवढंच.

या वयात मुलं शेजारी-शेजारी खेळतात, एकत्र नाही. वाटून घेणं तिसऱ्या वर्षानंतर हळूहळू जमतं. म्हणून बादली हिसकावून तिला दिली नाही. "तुझं झालं की तिची पाळी," एवढं सांगितलं.

त्यानं दोनदा माती भरली, ओतली. मग बादली उचलून तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "तगो!"

घरी आम्ही 'घे' म्हणतो. 'तगो' हा त्याचाच कन्नड शब्द, शेजारच्या अज्जींचा. रोज त्याच्या हातावर केळ्याचा तुकडा ठेवताना त्या असंच म्हणतात. माझे डोळे भरून आले. उद्या सकाळी आधी अज्जींना सांगणार आहे.